ग्रंथमैत्री : कविवर बनारसीदास आणि आग्र्याचे वाचक-मंडळ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्यापारी समाजात माणसाची ओळख बहुधा तीन ठिकाणी होते. पहिली नात्यागोत्यात, दुसरी बाजारपेठेत आणि तिसरी मंदिराच्या पायरीवर. नात्यातून कुळ कळते, बाजारातून पत कळते, मंदिरातून श्रद्धा कळते. मात्र शेजारच्या दुकानदाराशी तीस-तीस वर्षे रोजचा व्यवहार असूनही रात्री दुकान बंद झाल्यावर त्याच्या मनात कोणते विचार येतात, कोणत्या प्रश्नापाशी तो थांबतो, कोणती ओळ वाचून त्याचे डोळे पाणावतात, हे ठाऊक नसते. ही चौथी ओळख घडवून आणण्याचे सामर्थ्य ग्रंथात आहे. एकच ग्रंथ दोघांनी वाचला आणि त्यावर मोकळेपणाने बोलणे झाले, की वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्याचा नव्याने परिचय होतो.

धर्मपरंपरेने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. चार दानांमध्ये आहारदान, औषधदान आणि अभयदान यांच्या जोडीला शास्त्रदान किंवा ज्ञानदान सांगितले गेले. स्वाध्यायाची गणना अभ्यंतर तपात झाली. त्याचे वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश असे पाच प्रकार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. यांतील पृच्छना म्हणजे विचारणे. विचारायचे म्हटले की दुसरे माणूस समोर हवेच. म्हणजे परंपरेच्या दृष्टीने स्वाध्याय केवळ एकांतात पुरा होत नाही. त्याला सोबत लागते. ही सोबत कशी मिळते, तिचे काय लाभ होतात आणि ती चुकीची मिळाली तर काय घडते, याचे एक विलक्षण बोलके उदाहरण सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या आग्रा नगरीत सापडते. ते कोणा राजाचे वा आचार्यांचे नसून एका व्यापाऱ्याचे आहे. त्याचे नाव कविवर बनारसीदास.

बनारसीदासांचा जन्म १५८६च्या सुमारास जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. वडील खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. बालपणी त्यांचे नाव विक्रमाजीत होते. पुढे वाराणसी येथे पार्श्वनाथ प्रभूंच्या यात्रेच्या निमित्ताने ते बदलून बनारसीदास असे ठेवण्यात आले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी आपले आयुष्य पद्यात लिहून काढले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून, त्यातले अर्धे सरले या हिशेबाने ग्रंथाला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. हे हिंदी भाषेतील पहिले आत्मचरित्र मानले जाते. आत्मचरित्र म्हटले की आत्मस्तुती येते; येथे मात्र एखाद्या सचोटीच्या व्यापाऱ्याने रोजमेळात जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहाव्यात तसे गुण आणि दोष दोन्ही मांडले आहेत. बुडालेला व्यापार, तारुण्यातले छंद, आजार, कर्ज, मुलांचे मृत्यू, काहीही झाकलेले नाही. आणि या सगळ्या हिशेबात पानापानावर भेटतात ते त्यांचे ग्रंथमित्र.

या मैत्रीची पहिली पायरी तारुण्यातली आहे. बनारसीदासांनी चौदाव्या वर्षी पंडितांपाशी कोश, ज्योतिष आणि अलंकार यांचा अभ्यास केला; त्याच सुमारास मुनी भानुचंद्रांकडून धर्माचे शिक्षण घेतले. त्याच वयात त्यांनी ‘नवरस’ नावाची, सुमारे हजार दोहा-चौपायांची एक रचना केली. तिच्यात शृंगाराचाच भर होता. मित्रांना ती पोथी फार आवडे आणि तिच्या वाचनाला ते आनंदाने जमत. १६०५ मध्ये एके दिवशी जौनपुरात गोमती नदीच्या पुलावर मित्रांसमवेत बसून बनारसीदास ती पोथी वाचू लागले आणि त्यांच्या मनात विचार आला, की एक असत्य बोलणाऱ्यालाही दुर्गती भोगावी लागते. येथे तर कल्पनेने रचलेल्या असत्याची पानेच्या पाने भरली आहेत. त्यांनी ती पोथी तशीच नदीत सोडून दिली. पाने सुटी होऊन प्रवाहाबरोबर वाहून गेली. मित्र हळहळले, पण उपाय नव्हता.

या प्रसंगाकडे पश्चात्तापाची कथा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. त्या मित्रांना कवीची कविता आवडत होती, परंतु कवीच्या मनात काय चालले आहे याची त्यांना कल्पना नव्हती. ते पोथीचे श्रोते होते; कवीचे सहप्रवासी झाले नव्हते. म्हणूनच पोथी पाण्यात पडली तेव्हा त्यांना पोथीचे दुःख झाले. छंदामुळे माणसे एकत्र येतात हे खरे. परंतु एकत्र येणे म्हणजे परिचय नव्हे, एवढे या प्रसंगावरून ध्यानात येते.

दुसरी पायरी १६१०च्या सुमाराची, आणि ती प्रत्येक व्यापाऱ्याने मनात जपून ठेवावी अशी आहे. वडिलांनी तरुण बनारसीदासांच्या हाती जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड असा माल देऊन त्यांना आग्र्याला पाठविले. नवख्या माणसाच्या हातून व्हायचे तेच झाले. कापडात नफा मिळाला नाही, काही जवाहीर हरवले, काही उधारीत अडकले आणि भांडवल संपुष्टात आले. लाजेने त्यांचे बाजारात जाणे बंद झाले. घरी बसून ते रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या त्या काळी लोकप्रिय असलेल्या प्रेमकथा गाऊन वाचू लागले. ऐकायला दहा-वीस माणसे जमू लागली.

त्या श्रोत्यांत एक कचोरीविक्रेता होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या घेऊन पोट भरत. काही दिवसांनी त्यांनी त्याला एकांतात गाठून खरी परिस्थिती सांगितली, की हातात पैसा उरलेला नाही, तेव्हा उधारी वाढवण्यापूर्वी विचार करावा. कचोरीवाल्याने निश्चिंतपणे खात राहण्यास सांगितले. असे सहा-सात महिने चालले. पुढे दिवस पालटले तेव्हा बनारसीदासांनी त्याचा हिशेब चुकता केला.

धंद्याच्या नियमाने पाहिले तर बुडालेल्या माणसाला उधारी देणे हे शहाणपण नव्हे. परंतु त्या विक्रेत्यापाशी बाजारातील इतर सावकारांजवळ नसलेली एक माहिती होती. रोज रात्री तो या माणसाला वाचताना ऐकत होता. त्याचा आवाज कोठे भरून येतो, कोणत्या प्रसंगी तो थबकतो, हे त्याने पाहिले होते. त्यातच बनारसीदासांनी स्वतः होऊन आपली तंगी सांगितली. पत ठरवायला वही-खाते लागते. विश्वास ठेवायला मात्र माणूस कळावा लागतो. एका पोथीने तो कळविला. बाजाराने ज्याचे नाव दिवाळखोरांत घातले, त्याला एका श्रोत्याने सहा महिने जगविले. ‘अर्धकथानका’त या विक्रेत्याची आठवण कृतज्ञतेने नोंदलेली आहे.

याच सुमारास नरोत्तमदास हे मित्र त्यांच्या आयुष्यात आले. व्यापारात भागीदारी आणि मनाने सख्य असा तो दुहेरी संबंध होता. १६१३ मध्ये मित्रांच्या आग्रहावरून बनारसीदासांनी ‘नाममाला’ हा समानार्थी शब्दांचा पद्यकोश रचला. तारुण्यात स्वतःच्या हौसेसाठी हजार छंद लिहिणारा कवी आता मित्रांच्या उपयोगासाठी लिहू लागला. पहिली रचना नदीत गेली, ही दुसरी टिकली.

मात्र ग्रंथमैत्रीची वाट नेहमी उजेडातच जाते असे नाही. बनारसीदासांच्या चरित्रातील तिसरी पायरी अंधाराची आहे आणि त्यांनी ती निर्भयपणे लिहून ठेवली आहे. १६२३ मध्ये सासुरवाडीच्या गावी, खैराबाद येथे, अर्थमल्ल ढोर नावाच्या अध्यात्मप्रेमी गृहस्थाने त्यांना आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसार’ ग्रंथावरील पांडे राजमल्लांची भाषाटीका वाचावयास दिली. देणाऱ्याची भावना उत्तम होती, ग्रंथ तर श्रेष्ठच. बनारसीदासांनी तो पुनःपुन्हा वाचला. परंतु निश्चयनयाचे कथन वाचताना व्यवहारनयाचे स्थान त्यांच्या ध्यानात आले नाही. आत्मा शुद्धच आहे, मग पूजा, सामायिक, प्रतिक्रमण यांची गरज काय, असा एकांगी निष्कर्ष त्यांनी काढला. नित्यक्रिया सुटल्या. जपजाप्य थांबले.

विशेष म्हणजे या काळात ते एकटे नव्हते. त्यांच्याच विचारांचे तीन मित्र त्यांना मिळाले. चौघे मिळून चर्चा करीत, बाह्य क्रियांची थट्टा करीत. मर्यादा सुटली तेव्हा खोलीचे दार लावून, वस्त्रे उतरवून, आपण परिग्रहरहित मुनी झालो असे म्हणत नाचण्यापर्यंत मजल गेली. लोकांत निंदा झाली. पुढे स्वतः बनारसीदासांनी या दिवसांचे वर्णन कोणतीही सबब न सांगता केले आहे.

येथे प्रत्येक स्वाध्याय-मंडळाने क्षणभर थांबून विचार करावा. चार माणसे होती, ग्रंथ होता, नियमित भेटी होत्या, परस्परांवर प्रेमही होते. मग उणे काय पडले? उणी पडली ती पृच्छना. चौघेही एकाच बाजूने वाचणारे, “असे कसे?” म्हणणारा त्यांत कोणी नव्हता. एकाने चूक केली तर उरलेल्या तिघांनी तिला दुजोरा दिला. एकट्या माणसाची चूक लवकर डगमगते, कारण तिला आधार नसतो. चौघांची चूक मात्र मताचे रूप घेते. केवळ होकार देणाऱ्या मंडळींच्या सहवासात उत्तम ग्रंथही दिशाभूल करू शकतो, हा या पायरीचा बोध आहे.

यातून सुटका कशी झाली? एका ग्रंथातील गैरसमज दुसऱ्या ग्रंथाने आणि एका जाणकार वाचकाने दूर केला. १६३५ मध्ये पांडे रूपचंद हे विद्वान आग्र्यास आले आणि तिहुना साहूंच्या मंदिरात उतरले. आग्र्यातील अध्यात्मप्रेमी मंडळींनी एकत्र येऊन त्यांच्याकडून ‘गोम्मटसार’ या ग्रंथाचे वाचन करविले. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या या ग्रंथात जीवाच्या चौदा गुणस्थानांचे विवेचन आहे. ज्या गुणस्थानी जीव असेल त्या गुणस्थानाला अनुसरून त्याची क्रिया असते, हे पांडे रूपचंदांनी क्रमाने उलगडून दाखविले. गृहस्थाची पायरी कोणती आणि मुनीची कोणती, निश्चय कोठे बोलतो आणि व्यवहार कोठे, याची सांगड बसली. बनारसीदासांचे सर्व संशय फिटले. बारा वर्षांची भ्रांती सामुदायिक वाचनाने दूर झाली. त्यांना कोणी समाजातून काढले नाही, भर सभेत अपमानित केले नाही. पुढे ग्रंथ ठेवला, शेजारी जाणता माणूस बसविला आणि ऐकण्यास वेळ दिला. वाट चुकलेल्या साधर्मीशी वागण्याची याहून सौम्य आणि परिणामकारक रीत शोधून सापडणार नाही.

त्यानंतरची पायरी फळाची आहे. १६३६ मध्ये बनारसीदासांनी ‘नाटक समयसार’ हा आपला सर्वश्रेष्ठ ग्रंथ पूर्ण केला. ज्या ग्रंथाने त्यांना एकेकाळी भ्रमात टाकले होते, तोच आता त्यांनी सामान्य जनांना समजेल अशा भाषेत, काव्यात आणला. या ग्रंथात त्यांनी आपल्या पाच सोबत्यांची नावे आदराने नोंदविली आहेत: पंडित रूपचंद, चतुर्भुज, भगवतीदास, कुंवरपाल आणि धर्मदास. ही मंडळी एकत्र बसून परमार्थाचीच चर्चा करीत, दुसरी गोष्ट काढीत नसत. ग्रंथकर्त्याने आश्रयदात्या राजाचे वा धनिकाचे नाव ग्रंथात घालावे ही प्रथा जुनी होती; येथे वाचक-मित्रांची नावे ग्रंथात आली आणि अमर झाली. त्या पाच जणांच्या दुकानांचे, हवेल्यांचे काय झाले हे विचारण्याची आज कोणाला गरज वाटत नाही. परंतु ते कोणता ग्रंथ कोणाबरोबर वाचत असत हे चार शतकांनंतर या सभागृहात सांगता येते.

यांपैकी कुंवरपाल यांच्याशी असलेला स्नेह तर थेट लेखणीपर्यंत पोहोचला. १६३४ मध्ये दोघांनी मिळून आचार्य सोमप्रभांच्या ‘सूक्तिमुक्तावली’चा भाषापद्यात अनुवाद केला. दोघांनी मिळून एक ग्रंथ भाषांतरित करणे म्हणजे प्रत्येक शब्दापाशी एकमेकांना विचारणे, एकाने सुचविलेले दुसऱ्याने नाकारणे आणि दोघांना पटेल असे तिसरे शोधणे. अशा कामातून माणसाचा जो परिचय होतो तो शंभर भोजनप्रसंगांतून होत नाही. आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. बनारसीदासांचा जन्म श्वेतांबर परंपरेतील कुळात झाला, आचार्य सोमप्रभ हेही श्वेतांबर. ‘समयसार’कार कुंदकुंदाचार्य आणि ‘गोम्मटसार’कार नेमिचंद्राचार्य हे दिगंबर. या वाचकांच्या मेजावर दोन्ही परंपरांचे ग्रंथ एकत्र नांदले. जे ऐक्य सभांमधील ठरावांनी साधत नाही, ते एका फळीवर शेजारी ठेवलेल्या दोन पोथ्या साधू शकतात.

या कवीचे गृहस्थजीवन मात्र दुःखाने भरलेले होते. त्यांचे तीन विवाह झाले. सात पुत्र आणि दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली आणि एकही वाचले नाही. ‘अर्धकथानक’ लिहिताना घरात पती-पत्नी दोघेच उरले होते. व्यापारी कुटुंबात वारस नसणे म्हणजे काय, हे या सभेला वेगळे सांगावयास नको. पेढी कोण चालविणार, नाव कोण राखणार, हा प्रश्न त्यांच्याही समोर उभा राहिला असेल. त्याचे उत्तर १६४४ मध्ये मिळाले. आग्र्यातीलच जगजीवन नावाच्या साधर्मीने बनारसीदासांच्या ठिकठिकाणी विखुरलेल्या लहान-मोठ्या रचना शोधून एकत्र केल्या आणि त्या संग्रहाला ‘बनारसीविलास’ असे नाव दिले. रक्ताच्या नात्याने जे व्हायचे राहिले होते ते वाचनाच्या नात्याने पूर्ण केले. पुत्राने पित्याची पेढी सांभाळावी तशी वाचकाने कवीची पाने सांभाळली.

हे लोण पुढे महाराष्ट्रापर्यंत आले. मध्य प्रदेशातील देवरी येथून मुंबईस आलेले पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९१२ मध्ये ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ ही प्रकाशनसंस्था उभारली. मुंबईच्या हिराबागेतील तिचे कार्यालय हे अनेक लेखक-वाचकांचे भेटीचे ठिकाण होते. त्यांनीच १९४३ मध्ये ‘अर्धकथानक’ संपादित करून प्रसिद्ध केले आणि जौनपूरच्या त्या व्यापाऱ्याचा जमाखर्च पुन्हा लोकांसमोर आला. १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे तो परदेशातील अभ्यासकांपर्यंत पोहोचला.

याच काळात महाराष्ट्राच्या भूमीवर ग्रंथमैत्रीचे आणखी एक मोठे उदाहरण घडत होते. डॉ. हीरालाल जैन अमरावतीच्या महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते, तर डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राकृत शिकवीत. एक विदर्भात, दुसरे पंचगंगेकाठी. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जपून ठेवलेल्या ‘षट्खंडागमा’चा, आचार्य वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेसह, पहिला मुद्रित खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. डॉ. हीरालालजींच्या त्या महाकार्यात डॉ. उपाध्ये यांचे सहकार्य होते. त्यानंतर सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत दोघांनी मिळून ‘तिलोयपण्णत्ती’ संपादित केली. तिचा पहिला भाग १९४३ मध्ये, दुसरा १९५१ मध्ये निघाला. दोन गावांतील दोन प्राध्यापकांची नावे वर्षानुवर्षे एकाच मुखपृष्ठावर शेजारी छापली गेली, ती ग्रंथाने जोडल्यामुळे.

ग्रंथाचा हा स्नेह केवळ विद्वानांपुरता आहे असे मात्र कोणी समजू नये. पोथी सिद्ध होताना कितीतरी हातांची कला तिच्यात एकवटत असे. सुवाच्य अक्षरात लिहिणारा लहिया, सोन्या-रुप्याच्या शाईने चित्रे काढणारा चित्रकार, पाटल्या रंगविणारा कारागीर, पोथी बांधण्याच्या रुमालावर जरीचे काम करणारी गृहिणी. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या. हजार प्रती म्हणजे हजार घरी तोच ग्रंथ, म्हणजेच हजार संभाव्य ओळखी. ज्या १६१०च्या सुमारास आग्र्यात बनारसीदास रात्री पोथ्या वाचीत होते, त्याच वर्षी तेथील संघाने आचार्य विजयसेनसूरींना चित्रमय विज्ञप्तिपत्र पाठविले. उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने त्यात बादशहा जहांगीरच्या दरबाराबरोबरच श्रावक-श्राविकांचीही चित्रे रेखाटली. दूर असलेल्या गुरूंना आपल्या संघाचा परिचय करून देण्यासाठी चित्रकलेचा असा उपयोग केला गेला.

आजही घरोघरी ही कला जिवंत आहे. गुरुमहाराजांच्या स्वागतास अक्षतांची गहुंली रेखणाऱ्या भगिनी, छोड आणि चंदरव्यावर जरीचे भरतकाम करणाऱ्या आजी, स्तवनांना चाली लावणारे तरुण, जुनी पदे सुंदर अक्षरात उतरवून ठेवणारे निवृत्त गृहस्थ. परंतु बहुतेकांचा छंद त्यांच्या घराच्या चार भिंतींत राहतो. जो छोडावर चौदा स्वप्ने भरतो आहे आणि जो ‘कल्पसूत्रा’तील त्याच चौदा स्वप्नांचे वर्णन वाचतो आहे, ते दोघे एकाच गल्लीत राहूनही परस्परांना अनोळखी असतात. त्यांना एका सतरंजीवर बसविणे हे संस्थेचे काम आहे.

ट्रस्टने पन्नास वर्षांत वास्तू उभारली, पाठशाळा चालविली, ग्रंथांची कपाटे भरली. हे कार्य वंदनीय आहे. तथापि कपाटातील ग्रंथ हा गोदामातील तागा आहे. कापड कितीही उत्तम असो, गाठोडे सोडून ते अंगावर येईपर्यंत त्याचा पोत कळत नाही. पुढील पन्नास वर्षांचा विचार करताना आग्र्याच्या त्या वाचक-मंडळाकडून काही गोष्टी सहज घेता येतील.

पहिली गोष्ट, आठवड्यातून एक तास ठरवून एकच ग्रंथ मोठ्याने वाचावा. वाचणारा दर वेळी बदलावा. आजोबांनी वाचलेला परिच्छेद आणि नातवाने वाचलेला परिच्छेद यांत जो फरक असतो, त्यातूनच पिढ्यांची ओळख होते. दुसरी गोष्ट, मूळ ग्रंथाबरोबर त्याची टीका आणि शक्य तेव्हा जाणकार व्यक्ती असावी, आणि शंका विचारणाऱ्याला मानाचे स्थान मिळावे. ज्या मंडळात सगळेच मान डोलावतात, त्याने खैराबादनंतरची ती बारा वर्षे आठवावीत. तिसरी गोष्ट, ग्रंथालयाच्या प्रत्येक पुस्तकात एक कोरा कागद लावून वाचकाने आपले नाव, वाचल्याची तारीख आणि मनात आलेला एक प्रश्न लिहावा. पुढचा वाचक तो प्रश्न वाचेल आणि एका अपरिचित साधर्मीचे घर शोधत जाईल. चौथी गोष्ट, श्रुतपंचमी आणि ज्ञानपंचमी या दोन्ही दिवशी ग्रंथपूजेबरोबर हस्तलेखन, चित्रकला आणि भरतकाम यांचे एकत्र प्रदर्शन भरावे. आणि प्रत्येक कलाकृतीपाशी ती करणारी व्यक्ती बसलेली असावी.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. समाजात असे अनेक ज्येष्ठ आहेत की ज्यांची मुले परगावी वा परदेशी स्थायिक झाली आहेत, ज्यांचा जोडीदार निवर्तला आहे, दुकान दुसऱ्याच्या हाती गेले आहे. त्यांच्या औषधाची आणि भोजनाची व्यवस्था होते, पण त्यांच्या वाचलेल्या ग्रंथांविषयी त्यांना कोणी विचारीत नाही. नऊ अपत्ये गमावलेला बनारसीदास ज्या आधारावर शांतपणे जमाखर्च लिहून ठेवू शकला, तो आधार त्याच्या वाचक-मित्रांचा होता. तसा आधार येथील एका तरी वृद्ध दांपत्याला या ट्रस्टच्या सभागृहात मिळाला, तर चार दानांतील शास्त्रदान आणि अभयदान ही दोन्ही एकाच वेळी घडली असे म्हणता येईल. कारण एकाकीपण हेही एक भयच आहे.

ट्रस्टच्या पुढील वाटचालीत ग्रंथालयाच्या दिव्याखाली अशा अनेक ओळखी व्हाव्यात आणि शताब्दीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीइतकीच मोठी सहवाचकांची यादी छापली जावी, हीच जिनेश्वर चरणी प्रार्थना.

या विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!